65व्या कमांडला आटलेला साठा

आमच्या स्टोरेज टार्गेटचा (दुसऱ्या मशीनला नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या बाजूचा) आरडीएमए ड्रायव्हर, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता थेट समोरच्या मशीनच्या मेमरीत वाचण्या-लिहिण्याचा कोड, लिनक्स कर्नलमधील सामाईक आरडब्ल्यू (रीड-राइट) कोडवर नेण्याचे काम आठवडाभराचे आहे, असे मी बैठकीत सांगून बसलो होतो. कर्नल डेव्हलपर क्रिस्टोफ हेलविग यांचा हा सामाईक कोड 2016 मध्ये, 4.7 आवृत्तीत आला. त्यापूर्वी मेमरी नोंदवणे, रीड-राइट पाठवणे आणि नोंद रद्द करणे हे प्रत्येक टार्गेट ड्रायव्हर आपापले करीत असे. आमच्या सुमारे 700 ओळी मी आनंदाने पुसल्या आणि चौथ्या दिवशी इन्फिनिबँड या आरडीएमए नेटवर्कवर सगळे चालू लागले.

आयवॉर्प (टीसीपीवरून आरडीएमए) कार्डावर मात्र होस्टचे, म्हणजे डिस्क वापरणाऱ्या मशीनचे, वाचन सुरळीत होई आणि 1 एमबीचे लेखन भार वाढताच अडके. हाती येई केवळ उणे 11, म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न करा’. मी ते शब्दशः मानले, अडलेली कमांड रांगेत ठेवून पुन्हा पाठवणारा कोड लिहिला आणि वेग का घसरला हे दोन आठवडे स्विचमध्ये शोधत राहिलो. तो कोड बंद करून मोजले, तेव्हा दिसले की रांगेत एका वेळी 128 कमांड मावत असूनही 64 कमांडपर्यंत काही बिघडत नाही आणि 65वी नेमकी पडते.

होस्ट लिहितो तेव्हा टार्गेटला त्याच्याकडून रीड करावे लागते आणि आयवॉर्पवर त्यासाठी आपली मेमरीही एमआर (मेमरी रीजन, कार्डाकडे नोंदवलेला मेमरीचा तुकडा) म्हणून नोंदवावी लागते. सामाईक कोड मागितलेल्या प्रत्येक कॉन्टेक्स्टमागे (एका रीड किंवा राइटच्या नोंदीमागे; आम्ही दर कमांडला एक, असे 128 मागितले होते) एकच एमआर राखून ठेवतो आणि एका एमआरमध्ये फार तर 256 पाने घेतो. 1 एमबीची 4 केबीप्रमाणे पाने 256च होतात. पण आमच्या बफरच्या आरंभी 64 बाइटांचा हेडर असल्याने डेटा 257व्या पानावर सांडत होता, दर कमांडला दोन एमआर जात होते आणि 128चा साठा निम्म्यातच आटत होता. पुसलेल्या ओळींत ‘दर कमांडला 2’ असे लिहिलेले होते. कारण मात्र कोणीच लिहून ठेवले नव्हते, याचा राग अजून गेलेला नाही.

आयवॉर्प कार्ड हाताशी नसेल, तर कर्नलचे आयबी_कोर मॉड्यूल ‘फोर्स_एमआर’ हा पर्याय लावून लोड करावे, म्हणजे इतर कार्डांवरही एमआर वापरले जातात; हे आधी सुचले असते, तर दोष मला इन्फिनिबँडवरच सापडला असता. सेंड क्यूमध्ये (कार्डाला द्यायच्या कामांच्या रांगेत) कॉन्टेक्स्टसाठीची जागा आपण वाढवू नये, ती सामाईक कोड स्वतः वाढवतो.

दुरुस्ती एका ओळीची होती: कॉन्टेक्स्टची संख्या ‘आरडीएमए_आरडब्ल्यू_एमआर_फॅक्टर’ने (इतक्या पानांना किती एमआर लागतील हे सांगणाऱ्या फंक्शनच्या उत्तराने) गुणणे आणि त्या फंक्शनला 256 नव्हे, 257 पाने सांगणे. पुन्हा पाठवणाऱ्या माझ्या 60 ओळी त्याच पॅचमध्ये गेल्या.