तेरावी टाळी

जर्मनीतल्या कोलोनमध्ये मी मध्ययुगीन लॅटिन शिकवते. त्या दिवशी वर्गात 'आर्किपोएटा'ची कबुलीजबाबाची कविता होती. या कवीचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. 12व्या शतकात तो कोलोनचा आर्चबिशप राइनाल्ट फॉन डासेल याच्या पदरी होता, आणि ही कबुली त्याच्यापुढेच दिलेली आहे.

एक विद्यार्थिनी प्राचीन रोमन कवी व्हर्जिल वाचून आलेली. तिने ओळींवर लघु-गुरूच्या खुणा केल्या आणि म्हणाली, "हे चुकलंय. पहिल्या ओळीच्या शेवटी 'मोरी', त्यातला ओ ऱ्हस्व; दुसरीच्या शेवटी 'ओरी', त्यातला दीर्घ. यमक कसं जुळणार?"

तिचं माप बरोबर होतं, पण ते या कवितेचं नव्हतं. तेव्हाचे कवी दोन्ही रीतींनी लिहीत: लघु-गुरूचं ते 'मेत्रुम', अक्षरं मोजून आघातावर चालणारं ते 'रिथ्मुस'. मी पेनं खाली ठेवायला लावली आणि टाळ्या धरल्या. मे-उम-एस्त-प्रो-पो-सि-तुम, इन-ता-बेर्-ना-मो-री. गुत्त्यातच मरायचं, हा माझा निश्चय. सात आणि सहा. सातात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, सहात शेवटून दुसऱ्यावर, आणि चारही ओळींना एकच यमक. इतकं काटेकोर बांधकाम असलेल्या भाषेला 'बिघडलेली लॅटिन' म्हटलं की मला फार लागतं. माझा कान हरिपाठावर वाढलेला. 'देवाचिये द्वारी, उभा क्षणभरी': सहा आणि सहा, 'द्वा' गुरू, 'भ' लघु, तरी यमक कुठे अडतं?

चौथ्या ओळीला मात्र वर्ग अडखळला. सित-दे-उस-प्रो-पि-ति-उस, हुइक-पो-ता-तो-री. टाळ्या बाराच.

"'हुइक' एकच अक्षर," तीच विद्यार्थिनी म्हणाली. मग थांबली. ओठातल्या ओठात ओळ पुन्हा म्हणून पाहिली आणि हळूच दोन टाळ्या दिल्या: हु, इक. तेरा झाल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मूळ शब्द 'पेक्कातोरी' ना?" हा मुलगा लहानपणी चर्चमध्ये वेदीपाशी सेवेला असे. लूकच्या शुभवर्तमानात जकातदार छाती बडवून म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. त्यातला 'पेक्कातोरी', म्हणजे पापी, कवीने उचलला आणि जागेवर 'पोतातोरी', पिणारा, बसवला. अक्षरं चारच, शेवटही तोच. चौथी ओळ कवितेत देवदूतांच्या तोंडी आहे; त्यांचा मेळा आता दारुड्यासाठी दया मागतो.

वर्ग क्षणभर गप्प झाला. मुलीने वहीतल्या खुणा खोडल्या नाहीत. त्यांच्याखाली आघाताच्या तिरक्या रेघा ओढल्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाळ्या सुरू केल्या.