गुण्या आणि झेरॉक्सचे कोनमापक

पाचवीला कोन शिकवायला घेतला आणि पहिल्याच तासाला कंपासपेट्या उघडल्या. 24 पोरं, धड कोनमापक 9. बाकीचे तुटलेले, नाहीतर आकडे पुसलेले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कपाशीचं. वेचणीच्या दिवसांत कोण नवा कोनमापक घ्यायला तालुक्याला जाणार? मग मीच बाजाराच्या दिवशी प्लास्टिकच्या कागदावर कोनमापकाच्या झेरॉक्स काढून आणल्या. झेरॉक्सवाल्यानं त्या लहान करून काढल्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

पोरांनी लगेच पकडलं. "सर, हा तं लहान हाये. यानं माप बरोबर येईन का?"

मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर एक कोन काढला आणि लाकडी कोनमापकानं मापला: 40 अंश. मग पऱ्हाटीच्या दोन काड्या त्याच्या भुजांवर धरून सायकलच्या ट्यूबच्या रबरानं घट्ट बांधल्या आणि झेरॉक्सवर ठेवल्या. तिथंही 40. काड्या मोडून आखूड केल्या, तरी 40च. लांब भुजांचा कोन मोठा, हा गैरसमज दरवर्षी समजावून समजावून माझा घसा बसतो. यंदा तो चुकलेल्या झेरॉक्सनं घालवला.

खरा घोळ पुढं होता. 60चा कोन निम्मा वर्ग 120 सांगायचा. कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा, एक डावीकडून चढते, दुसरी उजवीकडून. पाठ्यपुस्तकातली सूचना मी तीनदा वाचून दाखवली. उपयोग शून्य.

एका पोराचे वडील गवंडी. तो म्हणाला, "आमचे बाबा भिंतीले पहिले गुण्या लावून पाह्यतात." तिथून वाट सापडली. गुण्या म्हणजे तयार काटकोन. कागदाची दुहेरी घडी घालून प्रत्येकानं आपला गुण्या केला. आधी तो कोनावर ठेवायचा. कोन गुण्यात मावला, तर उत्तर 90च्या आत. बाहेर गेला, तर 90च्या वर. मग कोनमापक, तोही शून्य एका भुजेवर बसवून त्याच रांगेत वाचायचा. 120 जवळजवळ बंद झाले.

बेरीज सोपी जाईल असं वाटलं होतं. कागदी कोन शेजारी ठेवताना पोरं मध्ये फट सोडत, नाहीतर एकावर एक चढवत. शिरोबिंदू एकच, मधली भुजा सामाईक, हे ठसायला दोन दिवस गेले.

शेवटी सरळ रेषेवर एकाच बिंदूतून दोन किरण काढून दिले. तीन कोन मापा, बेरीज करा. कुणाची 177, कुणाची 182. एकट्या पोरीची बरोबर 180: 48, 74 आणि 58.

"तिसरा मापला का?"

"काहून मापाचा सर? वजाबाकी केली."

आता रागावू की पाठ थोपटू! म्हटलं, तरी मापून पाहा. 62 आला. ती बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली आणि मग तिनं 74चा कोन पुन्हा मापायला घेतला.