शेर, मापटे, चिपटे : अर्धायुकाल शिकवताना

अकरावीच्या वर्गात किरणोत्सारी क्षयाचा (अस्थिर अणुकेंद्रके आपोआप कण किंवा किरण सोडून बदलतात त्याचा) भाग आला की एक उत्तर दरवर्षी हमखास ऐकू येते. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी आयोडीनचा अर्धायुकाल, म्हणजे असलेल्यातले निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस असेल, तर ते पूर्ण संपायला किती दिवस लागतील, असे विचारले की बरीच मुले चटकन ‘सोळा’ म्हणतात. माझ्या मते यात मुलांचा दोष फारसा नाही, कारण ही चूक शब्दातच दडलेली आहे. ‘अर्धायुकाल’ म्हटले की मराठी कानाला अर्धे आयुष्य ऐकू येते, आणि अर्ध्याची दुप्पट म्हणजे पूर्ण, हे मूल पहिलीपासून शिकत आलेले असते.

म्हणून मी आता सूत्राआधी धान्याची जुनी मापे सांगतो. शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे निम्मे कोळवे आणि कोळव्याचे निम्मे निळवे. आज एक शेर आयोडीन-१३१ आहे असे समजले, तर ८ दिवसांनी मापटे, १६ दिवसांनी चिपटे, २४ दिवसांनी कोळवे आणि ३२ दिवसांनी निळवे उरेल. प्रत्येक वेळी निम्मे होते ते त्या क्षणी शिल्लक असलेल्याचे, मूळ शेराचे नव्हे. ८० दिवसांत असे दहा टप्पे होतात आणि १,०२४ पैकी एकच भाग उरतो. जे गेले ते नाहीसे झालेले नसते, हेही इथेच सांगून टाकावे : ५३ प्रोटॉन असलेल्या आयोडीनच्या केंद्रकातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, बीटा कण (म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन) बाहेर पडतो आणि मागे झेनॉन-१३१ राहतो.

मापांमुळे हिशेब बरोबर येऊ लागतो, पण निम्मेच का, आणि नेमके कोणते निम्मे, हा खरा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी गेल्या वर्षी मी फोडलेले १२८ चिंचोके वर्गात नेले. ताटात ते खुळखुळवून टाकायचे, पांढरी बाजू वर पडेल त्यांचा क्षय झाला असे समजून ते बाजूला काढायचे आणि उरलेले पुन्हा टाकायचे. फोडलेला चिंचोका नाण्याइतका चोख पडत नाही, तरी आमचे आकडे १२८, ६१, ३३, १५, ९, ४ असे उतरत गेले. शेवटी एकच चिंचोका उरला आणि तो सलग पाच फेऱ्या तपकिरीच पडत राहिला. तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, आता तरी याची पाळी यायलाच हवी ना?”

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. आपण किती फेऱ्या टिकलो हे चिंचोक्याला ठाऊक नसते. पुढच्या फेरीत त्याची शक्यता पहिल्या फेरीत होती तेवढीच असते. अणुकेंद्रकाचेही तसेच आहे. आज सकाळी तयार झालेले आयोडीन-१३१ चे केंद्रक आणि ४० दिवस टिकलेले केंद्रक, या दोघांचाही येत्या २४ तासांत क्षय होण्याची शक्यता सारखीच, सुमारे ८.३ टक्के असते. माणूस वयाबरोबर थकतो, केंद्रक थकत नाही, आणि म्हणूनच ‘आयुष्य’ हा शब्द इथे आपल्याला चकवतो. शिवाय तापवून, थंड करून किंवा निराळ्या संयुगात बांधून ही शक्यता बदलता येत नाही. रासायनिक अभिक्रियेचा खेळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा असतो आणि हा क्षय केंद्रकाच्या आत घडतो. थायरॉइडच्या रुग्णाला दिलेल्या कॅप्सूलमधले आयोडीन-१३१ बाटलीत असो वा ग्रंथीत, त्याचा अर्धायुकाल तोच राहतो. (रुग्णाच्या शरीरातून ते याहून लवकर कमी होते, कारण काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो, पण ती गोष्ट शरीराची आहे, केंद्रकाची नव्हे.)

एका केंद्रकाबद्दल काहीच सांगता येत नसताना समूहाबद्दल इतके अचूक कसे सांगता येते, याचे उत्तर संख्येत आहे. १२८ चिंचोक्यांत ६४ ऐवजी ६१ येतात, पण एका मायक्रोग्रॅम आयोडीन-१३१ मध्ये सुमारे ४६ कोटी कोटी अणू असतात आणि तिथे असा फरक जाणवण्याइतकाही उरत नाही. म्हणूनच मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात १९०० साली भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांना थोरियमपासून निघणाऱ्या वायूची किरणोत्सारिता साधारण दर मिनिटाला निम्मी होताना मोजता आली.

तासाच्या शेवटी मी पुन्हा तोच प्रश्न विचारला : आयोडीन-१३१ पूर्ण संपायला किती दिवस? या वेळी ‘सोळा’ कोणी म्हटले नाही. मागच्या बाकावरून उलट प्रश्न आला, “सर, सुरुवातीला अणू किती होते?” आम्ही एक मायक्रोग्रॅम धरला आणि निम्मे निम्मे करत गेलो. सुमारे ५२ टप्प्यांनी, म्हणजे साधारण ४१७ दिवसांनी, एक अणू उरला. तो कधी जाईल, हे मी त्यांना सांगू शकलो नाही, आणि का सांगू शकत नाही हे त्यांनीच मला सांगितले.