सह्याद्रीतील नरक्या आणि त्याच्या खोडातील कॅम्प्टोथेसिन

आंबोलीपासून राधानगरी, कोयना आणि महाबळेश्वरपर्यंतच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत नरक्या नावाचे एक लहानखुरे झाड वाढते आणि पावसाळ्यात ते फुलले की डोळ्यांआधी नाकालाच त्याचा पत्ता लागतो. फांद्यांच्या टोकांशी फिकट पिवळसर, बारीक फुलांचे गुच्छ येतात. फूल हातात घेऊन भिंगाखाली धरले, तर पाकळ्यांच्या आतल्या बाजूची दाट लव स्पष्ट दिसते, पण कुजल्यासारख्या वासामुळे ते फार वेळ नाकाजवळ धरवत नाही. कोवळ्या फांद्यांवर गळून गेलेल्या पानांचे ठळक वण असतात, पाने रुंद आणि लांब देठांची असतात, आणि फळ पिकल्यावर जांभळट काळे होते. देवराईतल्या मोठ्या वृक्षांशेजारी या झाडाकडे कोणी मुद्दाम पाहणार नाही. तरीही सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि सातारा जिल्ह्यांतील वनकर्मचाऱ्यांना गेली अनेक वर्षे ज्या झाडाच्या तस्करीशी झुंजावे लागत आहे, ते हेच झाड आहे. त्याचे कारण म्हणजे त्याच्या खोडात आणि मुळांत साठणारे, कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन नावाचे अल्कलॉइड.

वनस्पतिजन्य अल्कलॉइडांविषयी आपल्याकडे दोन टोकांनी बोलले जाते. धोतऱ्याचे नाव निघाले की ते विष असते आणि सदाफुलीचे निघाले की ते औषध असते. मला असे वाटते की ही विभागणीच मुळात चुकीची आहे. वनस्पती हे रेणू आपल्यासाठी तयार करत नाही; ज्या एका रासायनिक क्रियेमुळे तो रेणू विषारी ठरतो, बहुतेक वेळा नेमक्या त्याच क्रियेमुळे तो औषध म्हणून उपयोगी पडतो. कॅम्प्टोथेसिनइतके याचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून या लेखात मी त्याच्यापुरतेच लिहिणार आहे.

अल्कलॉइड म्हणजे ढोबळमानाने नायट्रोजन असलेले, सजीवांवर तीव्र परिणाम करणारे नैसर्गिक संयुग. निकोटीन, कॅफीन, मॉर्फीन, ॲट्रोपीन ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. यातला नायट्रोजन महत्त्वाचा आहे, कारण वनस्पतीला तो मातीतून मोठ्या कष्टाने मिळवावा लागतो आणि प्रथिनांसाठी त्याची सतत गरज असते. तरीही त्यातला काही वाटा ती अशा संयुगांवर खर्च करते, याचा अर्थ त्या खर्चाचा मोबदला तिला संरक्षणाच्या रूपाने मिळत असला पाहिजे. कॅम्प्टोथेसिनची सुरुवात ट्रिप्टोफॅन या साध्या अमिनो आम्लापासून होते. त्यापासून बनलेले ट्रिप्टामिन आणि टर्पिनांच्या मार्गाने आलेले सेकोलोगॅनिन यांचा संयोग होतो आणि पुढे अनेक टप्प्यांनंतर पाच वलयांचा, जवळजवळ सपाट असा रेणू तयार होतो. सर्पगंधेतील रेसरपिन, सदाफुलीतील व्हिंक्रिस्टिन आणि सिंकोनाच्या सालीतील क्विनिन यांची वाटही याच दोन घटकांपासून सुरू होते.

अधिक आश्चर्याची गोष्ट अशी की हा रेणू परस्परांशी जवळचे नाते नसलेल्या कुळांत सापडतो. चीनमधील कॅम्प्टोथेका हे झाड एका कुळातले, नरक्या दुसऱ्या, ओल्या सावलीत वाढणाऱ्या ऑफिओऱ्हायझाच्या जाती कॉफीच्या कुळातल्या, आणि आपल्या घाटातला नागलकुडा कण्हेरीच्या. इतक्या दूरदूरच्या वनस्पतींत एकच गुंतागुंतीचे संयुग आढळावे, हे मला वनस्पतिशास्त्रातल्या फार सुंदर प्रश्नांपैकी एक वाटते.

हा रेणू प्रथम वेगळा केला गेला तो अमेरिकेत, आणि त्या कामात एका महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाचा मोठा वाटा होता. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेऊन ते पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. वॉल यांनी त्याआधी अमेरिकी कृषिखात्यात असताना स्टेरॉइडांच्या शोधात शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले होते, आणि त्यांपैकी कॅम्प्टोथेकाचा अर्क उंदरांमधील कर्करोगावर परिणाम करतो, हे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस दिसून आले होते. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अर्कातील क्रियाशील संयुगाची रचना प्रसिद्ध केली. याच दोघांनी पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही उलगडली. कर्करोगावरच्या दोन महत्त्वाच्या औषधगटांच्या मुळाशी ज्याचे काम आहे, अशा या शास्त्रज्ञाचे नाव आपल्या शाळकरी मुलांना माहीत नसावे, याची मला मनापासून खंत वाटते. वाणी २०२० मध्ये वारले.

रचना कळली, तरी औषध मिळायला तीस वर्षे लागली, आणि त्या विलंबाची कारणे या रेणूच्या स्वभावातच होती. बहुतेक अल्कलॉइडे आम्लारिधर्मी असतात. आम्लाशी त्यांचे क्षार बनतात आणि ते पाण्यात विरघळतात. ॲट्रोपीन सल्फेट किंवा क्विनिन सल्फेट ही औषधे याच गुणामुळे शक्य झाली. कॅम्प्टोथेसिनमध्ये नायट्रोजन असूनही हा गुण जवळजवळ नाही, आणि ते पाण्यात विरघळायला तयार होत नाही. म्हणून संशोधकांनी दुसरा उपाय योजला: अल्कलीच्या साहाय्याने त्याचे एक वलय उघडले आणि मिळालेला सोडियमचा क्षार सलाइनमधून रुग्णांना दिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या या चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही. उलट रुग्णांच्या मूत्राशयात रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या.

त्यामागचे रसायन नंतर समजले. ते पाचवे वलय, म्हणजे लॅक्टोन, बंद असेल तेव्हाच रेणू काम करतो. रक्त किंचित आम्लारिधर्मी असल्याने तिथे ते वलय उघडे राहते आणि उघडा रेणू रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून निष्क्रिय होतो. लघवी मात्र साधारणतः आम्लधर्मी असते. तिथे पोहोचताच वलय पुन्हा मिटते आणि विष पूर्ण ताकदीने मूत्राशयाच्या अस्तरावर काम करू लागते. ज्या कर्करोगाच्या पेशींसाठी औषध दिले होते तिथे ते निकामी ठरले आणि जिथे त्याचे काहीच काम नव्हते तिथे मात्र जागे झाले. एका वलयाच्या उघडझापीवर इतके अवलंबून असते, हे त्या वेळी कळले नव्हते, आणि त्याची किंमत आजारी माणसांनी मोजली.

हा रेणू पेशीत नेमके काय करतो, हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची प्रत काढावी लागते आणि त्यासाठी त्याचे दोन पदर एकमेकांपासून सोडवावे लागतात. घट्ट वळलेल्या सुंभाचे पदर एका टोकाने ओढून वेगळे करू लागलो, की पुढच्या भागात पीळ साठत जाऊन दोरी वेटोळी होते. डीएनएच्या बाबतीतही तसाच ताण साठतो. तो ताण उतरवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे एन्झाइम डीएनएचा एक पदर तात्पुरता कापते, त्याला स्वतःशी जोडून ठेवते, साठलेला पीळ सुटू देते आणि मग पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिनचा सपाट रेणू नेमका त्या कापलेल्या जागी, डीएनए आणि एन्झाइम यांच्या मधोमध जाऊन बसतो. त्यामुळे कापलेला पदर पुन्हा सांधला जात नाही आणि एन्झाइम तिथेच अडकून राहते. एवढ्याने पेशी लगेच मरत नाही. पण प्रत काढणारी यंत्रणा त्या ठिकाणी येऊन आदळली, की डीएनएचे दोन्ही पदर तुटतात आणि अशी अनेक तुटलेली टोके पेशीला सांभाळता येत नाहीत.

यातून या अल्कलॉइडाचे सजीवांवरील बहुतेक सर्व परिणाम समजतात. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम माणसात आहे, कीटकांत आहे, वनस्पतींतही आहे. ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांना सर्वाधिक इजा होते: कर्करोगाच्या गाठी, अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे. कीटकांत बीजपेशी तयार होण्याची क्रिया अशीच नाजूक असते. घरमाशीला हे संयुग दिल्यास ती वंध्य होते, हे १९७४ मध्येच दाखवले गेले होते. झाड कुरतडणाऱ्या कीटकाला ताबडतोब मारण्यापेक्षा त्याची पुढची पिढीच रोखणे, हे संरक्षण अधिक दूरगामी म्हणावे लागेल.

मग प्रश्न उरतो तो झाडाचा. त्याच्याही पेशी विभागतात, त्याच्याकडेही तेच एन्झाइम आहे, आणि विष तर त्याच्या अंगातच साठलेले आहे. या प्रश्नाचे उत्तर जपानमधील चिबा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये कॅम्प्टोथेका आणि ऑफिओऱ्हायझा यांच्या अभ्यासातून दिले. या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेज-१ मध्ये एका ठरावीक जागी ॲस्पॅराजीनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल आहे आणि तेवढ्या बदलामुळे कॅम्प्टोथेसिनला तिथे पकड मिळत नाही. मला थक्क करणारी गोष्ट यापुढची आहे: प्रयोगशाळेत वाढवलेल्या, या औषधाला दाद न देणाऱ्या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींत अगदी त्याच जागी, अगदी तोच बदल आधीच सापडलेला होता. स्वतःच्या विषापासून वाचण्यासाठी झाडाने उत्क्रांतीच्या ओघात जो मार्ग घेतला, तोच मार्ग औषधापासून वाचण्यासाठी कर्करोगाच्या पेशीने घेतला.

यंत्रणा कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी कॅम्प्टोथेसिनमध्ये थोडे बदल करून, वलय न उघडता ते पाण्यात विरघळेल अशी संयुगे तयार केली. टोपोटेकॅन अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर वापरले जाते, तर इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. इरिनोटेकॅन घेणाऱ्या रुग्णांना तीव्र जुलाबाचा त्रास होतो, त्यामागची साखळीही पाहण्यासारखी आहे. शरीरात इरिनोटेकॅनपासून त्याचे खरे क्रियाशील रूप तयार होते, यकृत त्याला साखरेपासून बनलेले एक आम्ल जोडून निष्प्रभ करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. पण आतड्यातील जिवाणू ते आम्ल तोडून स्वतःसाठी वापरतात आणि मोकळे झालेले विष पुन्हा आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. झाड, माणूस आणि जिवाणू, असे तीन सजीव या एका रेणूभोवती इथे गुंतलेले आहेत.

नरक्याचा संबंध या कथेत १९७२ मध्ये आला. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात तु. रा. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले, आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. प्रयोगशाळेत हा रेणू शून्यापासून बनवता येतो, पण ती पद्धत खर्चिक आहे. त्यामुळे औषधाला मान्यता मिळाल्यावर जगभरातून या लाकडाला मागणी आली. वाळलेल्या लाकडात ०.३ टक्के कॅम्प्टोथेसिन धरले, तरी एका किलोसाठी तीनशे किलोंहून जास्त लाकूड लागते, आणि प्रत्यक्षात सगळे काही हाती येत नाही. घाटातल्या वाड्यावस्त्यांवरून किरकोळ दराने तोडून घेतलेले, ढलप्या करून वाळवलेले आणि पोत्यांत भरलेले हे लाकूड ट्रकांतून बाहेर जाते. ज्याने कुऱ्हाड चालवली त्याच्या हाती मजुरीपलीकडे फारसे काही पडत नाही, आणि पकडले गेल्यावर खटला मात्र बहुधा त्याच्यावरच होतो.

या झाडाविषयी आणखी एक गोष्ट ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते. कर्करोगावरचे औषध नरक्यापासून बनते, एवढे ऐकून त्याच्या सालीचा काढा किंवा लाकडाची भुकटी घेण्याचा विचार कोणी करू नये. रुग्णालयात जे दिले जाते ते बदललेले, मोजून दिलेले संयुग असते, आणि तेही रक्तातील पांढऱ्या पेशींवर सतत लक्ष ठेवून. कच्च्या लाकडात किती कॅम्प्टोथेसिन आहे हे झाडागणिक बदलते, आणि अस्थिमज्जा खचल्याची जाणीव होईपर्यंत उशीर झालेला असतो.

झाड न तोडता हा रेणू मिळवण्याचेही प्रयत्न झाले आहेत. नरक्याच्या सालीच्या आत राहणाऱ्या एका बुरशीला प्रयोगशाळेत वाढवल्यावर ती स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते, असे भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. परंतु अशा बुरशा झाडापासून दूर पिढ्यानुपिढ्या वाढवल्या की हे उत्पादन घटत जाते, असा अनुभव नंतर इतरांना आला. त्यामुळे सध्या तरी लागवड हाच भरवशाचा मार्ग दिसतो. नरक्याचे खोड जमिनीपासून थोडे वर कापले तर बुंध्याला जोमदार फुटवे येतात आणि काही वर्षांनी पुन्हा तोड घेता येते. मुळांसकट उपटले तर मात्र सगळेच संपते. शिवाय या जातीत काही झाडे केवळ नरफुलांची असतात, त्यामुळे फळे धरणारी झाडे आधीच मर्यादित असतात आणि त्यांतली मोठी झाडे गेली की बियाणेही मिळत नाही. घाटमाथ्यावरच्या मालकी जमिनींत, जिथे आज काजूसाठी रान साफ केले जाते, तिथे वनविभागाने रोपे, तोडीचा परवाना आणि खरेदीची हमी या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या, तर जंगलातल्या झाडांवरचा भार कमी होईल, असे मला वाटते.