मोंढ्यातला शाईचा पेन

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या एका आडत दुकानाचे हिशेब लिहिणे हे माझे काम आहे. जीएसटीची विवरणपत्रे आणि पक्की बिले आता संगणकावर होतात. तरी सौद्यांची कच्ची वही, हमाली-तोलाईचे टिपण, गावोगावच्या शेतकऱ्यांच्या उचलीची खाती आणि रोजकीर्द आमच्याकडे अजून हातानेच लिहिली जाते. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात आला की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेन खाली ठेवायला सवड मिळत नाही. एवढे लिहिणाऱ्याने चांगला भारी पेन बाळगावा, असा सल्ला मला अनेकदा मिळतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. रोज राबायचा पेन शंभर-दीडशे रुपयांच्या आतलाच असावा, आणि तो शाईचा असावा.

शाईचा का, ते आधी सांगतो. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकावरची गोळी कागदावर फिरली तरच ती उतरते, आणि गोळी फिरावी म्हणून पेन थोडा उभा धरून दाब द्यावा लागतो. चार ओळींत हे जाणवत नाही. पण चाळीस-पन्नास नावे, त्यांच्यापुढे पोत्यांची संख्या, वजन, भाव आणि रक्कम असे रकाने भरत गेले की अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही. निबेचे टोक कागदाला टेकले की पाण्यासारखी पातळ शाई केशाकर्षणाने आपोआप कागदात ओढली जाते, आणि हाताला केवळ दिशा देण्याचे काम उरते. आमच्या पेढीवरचे एक वयस्क मुनीम बॉलपेनने सही करतानासुद्धा कुरकुर करीत असत, त्याचे कारण मला स्वतः रकाने भरायला बसल्यावर समजले.

आता स्वस्त का, हा प्रश्न. निबेच्या खाली जी काळी जीभ असते, तिच्यातच या पेनाचे सगळे रहस्य आहे. त्या जिभेवरच्या बारीक खाचांतून शाई खाली येते आणि जितकी शाई बाहेर गेली तितकी हवा वर नळीत जाते; हवा वर गेली नाही तर आत निर्वात तयार होऊन शाई अडते, आणि हवा जास्त गेली तर शाई एकदम सांडते. लुईस वॉटरमन या अमेरिकी गृहस्थाने 1884 मध्ये ज्या जिभेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व हेच होते, आणि आजचा साठ रुपयांचा पेन आणि साठ हजारांचा पेन हे दोन्ही त्याच तत्त्वावर लिहितात. महाग पेनात सोन्याची निब असते, अंग झळाळते असते, आणि कारखान्यातून निघण्यापूर्वी कुणीतरी ती निब तपासून जुळवलेली असते. स्वस्त पेनाची निब पोलादी असते, तिच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा ठिपकाही असतो, पण जुळवणीचे काम बहुतेक वेळा राहून गेलेले असते. ते घरी करता येते, आणि एकदा केले की लिहिताना जाणवणारा फरक फारच थोडा उरतो.

नवा पेन खरखरीत चालतो तेव्हा लोक निब फरशीवर किंवा काचेवर घासतात. हा उपाय मला मान्य नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तसले भिंग घेऊन निबेचे टोक समोरून पाहिले, तर बहुतेक वेळा दिसते ते असे की चिरेच्या दोन्ही बाजूंचे दोन दात एका पातळीत नाहीत; एक केसभर वर, दुसरा केसभर खाली. खाली असलेल्या दाताची कड कागदात रुतते आणि आपण त्यालाच खरखर म्हणतो. खालचा दात अंगठ्याच्या नखाने हलकेच वर रेटायचा, पुन्हा भिंगातून पाहायचे, आणि दोन्ही ठिपके शेजारी शेजारी सारखे दिसेपर्यंत हे करीत राहायचे. जोर इतका कमी लावायचा असतो की पहिल्या वेळी काहीच झाले नाही असे वाटते. घासण्याने मात्र तो कठीण ठिपकाच झिजतो, आणि तो गेला की खालचे मऊ पोलाद कागदाला लागते; मग त्या निबेचे काही होत नाही.

हजारो रुपयांच्या पेनावर अशी नखे चालवायचा धीर मला तरी झाला नसता. स्वस्त पेन निर्धास्तपणे उघडता येतो, निब आणि जीभ ओढून बाहेर काढता येते, धुऊन परत बसवता येते. मोंढ्यात याची गरज वारंवार पडते. लिलावाच्या वेळी धान्याचे ढीग ओतले जातात, चाळणी चालते, आणि सोयाबीनची भुकटी व बारदान्याचे तंतू हवेत तरंगत असतात. त्यातला एखादा तंतू निबेच्या चिरेत शिरला की अक्षर एकाएकी जाड होते, वेलांट्या भरून जातात, आणि आठाचा आकडा शाईचा ठिपका होऊन बसतो. हिशेबाच्या वहीत आठ आणि शून्य यांची गफलत परवडत नाही. जुनी माणसे अशा वेळी दाढीचे ब्लेड चिरेतून फिरवीत. त्याने तंतू निघतो खरा, पण चीर रुंदावते आणि पुढे पेन कायमचा जाड लिहू लागतो. त्यापेक्षा पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा बरा, आणि तो नसेल तर निब पाण्यात बुडवून मऊ कापडाने टोकाकडे पुसून घेणे पुष्कळदा पुरते.

पाण्याचाही एक मुद्दा आहे. आमच्याकडे घरोघरी बोरचे पाणी, आणि ते जड. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच थर जिभेच्या खाचांतही धरतो, कारण धुतल्यानंतर आत राहिलेले पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. म्हणून पेन धुवायला मी पिण्याच्या जारचे पाणी घेतो. ज्या भागात पिण्यालाच टंचाई पडते, तिथे पेनासाठी जारचे पाणी वापरणे चैनीचे वाटेल. पण लागते ते अर्धी वाटी.

आता हवामान. शाईचा पेन उन्हाळ्यात गळतो असे सगळे सांगतात. परभणीतला माझा अनुभव वेगळा आहे आणि त्याचे कारणही सरळ आहे. पेन गळतो तो आतली हवा तापून फुगल्यामुळे. ती फुगली की शाईला खाली ढकलते. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात, ज्याची सगळी नळीच शाईची टाकी असते, हे जास्त होते, आणि टाकी अर्ध्याहून रिकामी झाली की आणखी जास्त, कारण तेव्हा आत शाईपेक्षा हवाच अधिक असते. मे महिन्यात दुकानातली हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते आणि तळहात तिच्यापेक्षा थंड. पेन हातात घेतल्याने आतली हवा फुगण्याचे काही कारण नसते. याउलट डिसेंबरात मराठवाड्यातला पारा सर्वांत खाली उतरतो तो बहुधा परभणीत, आणि कृषी विद्यापीठातली एक आकडी तापमानाची नोंद वर्तमानपत्रांत झळकते. अशा सकाळी दहा अंशांवर रात्रभर पडून असलेला पेन तेहतीस अंशांच्या मुठीत घेतला आणि ती ऊब आत पुरती पोचली, तर आतली हवा सुमारे आठ टक्के फुगते. दोन मिलिलिटर हवा असेल तर तीन थेंब शाई बाहेर यायला एवढे पुष्कळ झाले. म्हणून थंडीत मी टाकी भरलेली ठेवतो, आटे जुळतात तिथे सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवतो, आणि लिहिण्याआधी पेन थोडा वेळ निब वर करून मुठीत धरतो.

उन्हाळ्यातली तक्रार निराळी, ती वाळण्याची. पंख्याखाली टोपण उघडे ठेवून पेन बाजूला ठेवला की निबेवरच्या शाईतले पाणी उडते आणि पुढचे नाव लिहिताना पहिले अक्षर उमटतच नाही. ज्यांची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते ते पेन या बाबतीत बरे. आमच्या पिढीला दहावी-बारावीला बक्षीस म्हणून मिळणारा चिनी ‘हिरो’ अशाच घाटाचा होता. त्याचा मूळ नमुना 1941 मध्ये बाजारात आलेला पार्कर 51. हिरोची रबरी पिशवी दाबून शाई ओढता येते, पण निब काढून धुणे ड्रॉपरच्या पेनाइतके सोपे नाही. म्हणून माझ्या खिशात उन्हाळ्यात हिरो आणि एरवी ड्रॉपरचा देशी पेन असतो. खिशात दोन्ही निब वर करूनच ठेवायचे, हे वेगळे सांगायला नको.

शाई मी कॅमलची निळी वापरतो. 1931 मध्ये दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅमलिन उभी राहिली. साठ मिलिलिटरच्या त्या बाटलीत ड्रॉपरचा पेन दोन मिलिलिटरच्या हिशेबाने तीस वेळा भरतो, आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यालाही एक बाटली बरेच महिने पुरते. रिफिली आणि वापरून फेकायच्या पेनांचा वर्षाचा खर्च ज्याने कधी मांडून पाहिला आहे, त्याला यातली बचत वेगळी दाखवावी लागणार नाही. मात्र या निळ्या शाईचा एक गुण ध्यानात ठेवावा लागतो: ती धुतली जाते. शर्टावर पडली तर हे बरेच, पण वहीवर पाण्याचा पेला लवंडला तर त्या पानावरचा हिशेब गेला. त्यामुळे चेक, मुद्रांक, करारनामा यांच्यावर मी ही शाई कधी लावत नाही. ज्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार आणि हिरड्या-माजूफळातले असते तसे टॅनिन असते, ती कागदात मुरून हवेने काळी पडते आणि पाण्याने जात नाही. पण तीच शाई पेनात वाळू दिली तर जिभेत गाळ धरते आणि पोलादी निबेला गंज आणू शकते. रोजच्या स्वस्त पेनात ती भरली तर आठवडा-पंधरवड्याला धुण्याची शिस्त पाळावी लागते.

स्वस्त पेनाला एक खर्च मात्र टाळता येत नाही, तो कागदाचा. हलक्या वहीत शाई धाग्याधाग्याने पसरते आणि मागच्या पानावर फुटते. कारण कागदाला पुरेशी खळ लावलेली नसते. आमच्याच मराठवाड्यात, दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये असलेल्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली त्या काळापर्यंत मागे नेतात. हातकागदावर खळ चढवून तो घोटल्याशिवाय त्यावर शाईने नेटके लिहिता येत नसे, आणि कारखान्यातल्या कागदालाही नियम तोच लागू आहे. वही विकत घेताना मी शेवटच्या पानावर एक ‘क्ष’ आणि एक ‘ज्ञ’ लिहून पाहतो. या दोन अक्षरांची आतली पोकळी मोकळी राहिली तर वही घ्यायची. दुकानदार नाक मुरडतो, पण आता ओळखीचा झाला आहे.

शाईचा पेन जिथे चालत नाही तिथे तो चालवण्याचा हट्टही मी करत नाही. शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी कार्बन ठेवून लिहावी लागते, आणि दाबाशिवाय कार्बन उठत नाही. तिथे बॉलपेनच हवा. सही करायला पेन मागणाऱ्यालाही मी बॉलपेनच पुढे करतो. “मुनीमजी, तो खिशातला द्या की,” असे एखादे मामा हटकून म्हणतात, आणि मग त्यांना सांगावे लागते, “मामा, त्याला दाब सोसत नाही.” शाईचा पेन दुसऱ्याला दिला की निबेला त्याचे वळण लागते, असा एक समज आहे. निबेच्या टोकाचा ठिपका इतका कठीण असतो की एका सहीने त्याचे वळण बदलत नाही. पण बॉलपेनची सवय झालेला हात ज्या ताकदीने सही करतो, त्या ताकदीने दोन दात फाकतात, आणि फाकलेले दात जुळवणे हे वर-खाली झालेले दात जुळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

विकत घ्यायचा झाला तर एकाच बनावटीचे दोन घ्यावेत. गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत हल्ली शाईचे पेन मागच्या कपाटात असतात, आणि आज दिसलेली बनावट पुढच्या वर्षी दिसेलच असे नाही. एकाचे टोपण तडकले किंवा जीभ मोडली तर दुसऱ्याची बसते. दुकानातच निब बाटलीत बुडवून लिहून पाहावे, आणि टोपण लावल्यावर ते घट्ट बसते की नुसतेच फिरत राहते, हेही पाहावे, कारण सैल टोपणाचा पेन आमच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत वाळून जातो. दोन्ही पेन शाबूत राहिले तर दुसऱ्यात लाल शाई भरावी. रोजमेळ जुळवताना तपासलेल्या रकमांवर खूण करायला ती उपयोगी पडते.