मोठ्या प्रवाळ टाकीचे दिवे : आधी फैलाव, मग प्रखरता

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा घरगुती सागरी टाकीसाठी, म्हणजे जिच्यात जिवंत प्रवाळे वाढवतात अशा मत्स्यालयासाठी, दिवे निवडायचे म्हटले की पहिला प्रश्न हमखास येतो तो वॅटचा. किती वॅट लावायचे? माझ्या मते हा प्रश्नच गैरलागू आहे. दिवा किती वीज खातो एवढेच वॅटवरून कळते. प्रवाळाच्या अंगावर किती प्रकाश पडतो ते कळत नाही, आणि सुमारे साडेआठशे लिटरच्या टाकीत तर तो कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, हाच खरा मुद्दा असतो.

प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात, त्यामुळे दिवे हे या टाकीतले अर्धे जेवण असते. हा प्रकाश मोजण्याचे माप म्हणजे ‘पार’, अर्थात 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातला प्रकाश, प्रति चौरस मीटर प्रति सेकंद किती मायक्रोमोल पडतो त्याचा आकडा. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अ‍ॅप येथे कामाचे नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले माप आहे आणि ज्या निळ्या प्रकाशावर प्रवाळ जगते त्याला ते फारच कमी गुण देते.

परदेशी मार्गदर्शक वाचताना एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवावी. तिकडचे 250–350 ‘पार’चे आकडे अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या प्रवाळांसाठी दिलेले असतात. आपल्याकडे रीफ म्हणजे प्रवाळभित्ती बांधणारी सगळी कठीण प्रवाळे 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अग्निप्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही तेच संरक्षण आहे. तेव्हा ती घरी ठेवण्याचा विचारच नको. उरतात ती मशरूम, झोअँथिड आणि लेदर कोरल यांसारखी मऊ मंडळी. यांतल्या मशरूमना 50 ते 100 आणि बाकीच्यांना साधारण 80 ते 150 ‘पार’ पुरतो. याचा अर्थ असा की बडोद्याच्या माणसाने अ‍ॅक्रोपोराच्या हिशेबाने दिवे घेतले, तर तो न लागणाऱ्या प्रखरतेचे पैसे मोजतो.

समुद्र म्हणजे नितळ पाणी आणि तळपता सूर्य, हे चित्रही थोडे बाजूला ठेवावे. आपल्याच गुजरातेत, कच्छच्या आखातात, जामनगरजवळ देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. नराराच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ पाहता येते. तिथले पाणी गाळाने गढूळ असते, आणि तशा मंद उजेडाच्या पाण्यातही प्रवाळे तग धरून आहेत.

आता फैलावाकडे वळू, कारण मोठ्या टाकीत सारे गणित तिथेच अडते. जुन्या पद्धतीच्या मेटल हॅलाइड दिव्याचा प्रकाश देखणा असतो आणि पाण्याच्या लहरी वाळूवर नाचताना दिसतात. पण 250 वॅटचे तीन दिवे म्हणजे छतावरून लोंबकळणारी भट्टीच. टी5 नळ्या, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, सगळ्यांत समान प्रकाश देतात, खडकाच्या बगलेतही तो पोहोचतो, सावल्या मऊ पडतात. चार फुटी, 54 वॅटच्या नळ्यांची रांग हा मऊ प्रवाळांसाठी माझ्या मते आजही उत्तम प्रकाश आहे. मात्र नळ्या साधारण वर्षाने बदलाव्या लागतात, आणि युरोपीय संघाने 2023 मध्ये सर्वसाधारण वापराच्या टी5 नळ्यांवर बंदी आणल्यापासून या तंत्राचे भवितव्य काही फार उज्ज्वल दिसत नाही. जे पुढे मिळेल की नाही याची शंका आहे, त्यावर एवढी मोठी टाकी उभारणे मला पटत नाही.

उरला एलईडी. त्याचा दोष नेमका फैलावाचा: थोड्या जागेत दाटीने बसवलेले डायोड आणि त्यांवरची भिंगे यांमुळे मधोमध झोत पडतो आणि कडेला अंधार. दिव्याच्या बरोबर खाली, वाळूवर, ‘पार’ मोजणाऱ्या मापकाचा संवेदक 180 दाखवतो. तोच एक हातभर पुढच्या काचेकडे सरकवला की 60, आणि खडकाच्या पाठीमागे नेला की 25. म्हणून कंपनीने मध्यभागाचा जो एकच आकडा छापलेला असतो, त्याकडे पाहू नये. चौकटीचौकटीने आकडे दिलेला नकाशा मागावा, आणि तो पाण्यातला आहे की हवेतला, तेही विचारावे. अडीच फूट रुंदीच्या टाकीवर मधल्या रेषेत तीन जोरदार दिवे टांगण्यापेक्षा, पुढे-मागे दोन ओळींत मंद क्षमतेचे सहा दिवे किंवा एलईडीच्या लांब पट्ट्या लावणे मी केव्हाही पसंत करेन. अपोजी कंपनीचा एमक्यू-510 हा पाण्यात बुडवता येणारा मापक महाग आहे, पण दोघा-चौघांनी मिळून घेतला तर परवडतो.

मापक नसेल तर प्रवाळ स्वतःच बोलते. प्रकाश कमी पडला की झोअँथिड देठ लांब करून माना वर काढतात. जास्त झाला की मशरूमच्या कडा आत वळतात आणि तो रुपयाएवढा आक्रसून बसतो.

बडोद्याच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना टाकीचे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचे, तर पाणी थंड करणारा चिलर लागतोच. त्यातच वीज गेली आणि पाणी तापले, तर परत आलेला प्रखर प्रकाश अधिक घातक ठरतो. ऊन आणि उष्णता एकत्र आली की शैवाले विषारी ऑक्सिजन-संयुगे तयार करतात, प्रवाळ त्यांना बाहेर टाकते आणि पांढरे पडते. म्हणून दिव्यांच्या नियंत्रकावर उन्हाळ्यासाठी वेगळे, सौम्य वेळापत्रक असावे. एलईडीची उष्णता बरीचशी वरच्या हवेत जाते ही जमेची बाजू खरी, पण त्याच्या पंख्यात इथली धूळ आणि टाकीचे मीठ मिळून असा काही थर धरतात की तो महिन्या-दीड महिन्याने ब्रशने झाडावाच लागतो.

टांगणीबद्दल दोनच शब्द. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला वजन देऊ नये; स्लॅबमध्ये अँकर बोल्ट घालावेत, किंवा बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घ्यावी. वायरला पाण्याचा थेंब ओघळून जाईल असा झोळ द्यावा, आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

रंग शेवटी येतो, आणि तो बराचसा आपल्यासाठी असतो. गडद निळ्या प्रकाशात हिरवे-केशरी रंग झळकतात, पण आमच्या आईंना दिवेलागणीच्या वेळी हॉलमध्ये तो उजेड अजिबात चालत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यामुळे संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत पांढरट छटा, त्यानंतर अर्धा तास निळा, एवढ्यावर घरात तह झाला आहे.

नवे दिवे मात्र पहिल्या दिवशी पूर्ण क्षमतेने लावू नयेत. निम्म्यावर सुरू करून चार ते सहा आठवड्यांत चढवावेत. टाकीतला पाणी गाळणारा कार्बन बदलल्यावर पिवळसर पाणी एकदम नितळ होते आणि तेवढाच दिवा प्रवाळाला जास्त लागतो, तेव्हा त्याही आठवड्यात प्रखरता थोडी खाली आणावी.