जर्मनीतली फी कुणाला माफ, कुणाला नाही

जर्मनीत शिकायला फी नाही, हे ऐकून घरून फोन यायला लागले की मी आधी ब्लॉक्ड अकाउंटचं सांगते. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात. ते पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ च्या हिशेबानेच हाती पडतात. कर्ज काढायची वेळ येते ती बहुतेकांना इथेच. शिवाय दर सेमिस्टरला थोडी वर्गणी असते, मेस वगैरे सोयींसाठी. शिकवण्याचा खर्च मात्र सरकारी विद्यापीठांत मुख्यतः राज्य सरकारं करातून करतात.

मधली काही वर्षं असं नव्हतं. फीवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २००५ साली घटना न्यायालयाने रद्द केला, आणि पाठोपाठ सात राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली. लोक चिडले. बव्हेरियात २०१३ च्या जानेवारीत फीविरोधी अर्जावर दोन आठवड्यांत दहा टक्के मतदारांच्या सह्या हव्या होत्या, त्याही सरकारी कचेरीत स्वतः जाऊन. चौदा टक्क्यांहून जास्त लोकांनी केल्या! त्याच वर्षी तिथली फी गेली, आणि २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीत, सगळ्यात शेवटी.

म्हणजे फी घालवली ती मतदारांनी. आपल्याला इथे मत नाही, आणि तिथेच गाडी अडते. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. त्याच बव्हेरियातल्या म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० पडतात. या वेळी सह्यांसाठी कोण रांग लावणार?

इथल्या करदात्याचा सवाल मला अगदीच गैर वाटत नाही. कित्येक राज्यांत त्याला पोराच्या पाळणाघराचे पैसे भरावे लागतात, मग परक्याच्या पदवीचा भार त्याने का उचलावा? पण शिकून इथेच नोकरीला लागणाराही पहिल्या पगारापासून कर भरतोच की. ती बाजू फारशी कुणी मांडत नाही.

तेव्हा अर्ज करताना विद्यापीठाच्या नावाआधी राज्य बघा, मग त्या कोर्सची फी. माफीच्या सवलतीही असतात, त्यांच्या अटी नीट वाचा. आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरच्या शब्दावर विसंबू नका, त्याला कदाचित जुनेच नियम लागू असतील.